दोन लहान मुलांच्या शाळेची सकाळ कशी बसवावी: नागपुरातील पालकांसाठी

घरात शाळेत जाणारे दुसरे मूल आले की सकाळची धावपळ दुप्पट झाली, असे आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात अंतर क्वचितच आड येते. नागपूर तसे आटोपशीर शहर आहे. सकाळी साडेसहाला मानेवाडा चौकातून निघालेली गाडी अर्ध्या तासात सिव्हिल लाइन्सला पोहोचते, आणि त्या वेळी सिग्नलही फारसे अडवत नाहीत. अडचण येते ती एका मुलाला पोहोचवत असताना दुसरे मूल कुठे आणि कोणापाशी आहे, या प्रश्नाशी. थोरल्याची व्हॅन चौकात येईपर्यंत धाकटी घरात एकटीच झोपलेली असते का, धाकटीला बालवाडीच्या दारात सोडताना थोरला रस्त्याकडेला गाडीपाशी उभा राहतो का, थोरल्याची शाळा भरून गेली आणि धाकटीची उघडायला पाऊण तास आहे, तर तेवढा वेळ तिला घेऊन थांबायचे कुठे, हे मधले तुकडे जुळले की सकाळ बसते आणि ते सुटले की बिघडते. म्हणून पुढील सर्व सूचना हे तुकडे कमी कसे करावेत आणि जे कमी होत नाहीत ते कोणाच्या हवाली करावेत, याविषयी आहेत. थोरले मूल पहिली ते चौथीत, धाकटे नर्सरीत किंवा केजीत, आणि दोघांच्या शाळा, निदान शाळांच्या वेळा, वेगळ्या आहेत असे घर येथे डोळ्यांपुढे धरले आहे.

वेळापत्रक छापील वेळेवरून करू नये

शाळेच्या डायरीत छापलेली वेळ ही वर्ग सुरू होण्याची असते. पालकाच्या कामाच्या वेळा दोन: शाळेतील कोणीतरी मोठे माणूस मुलाची जबाबदारी घेऊ लागते ती सर्वांत लवकरची वेळ, आणि फाटक बंद होते ती शेवटची वेळ. पहिली-दुसरीच्या पुढे फाटक बहुधा बरेच आधी उघडलेले असते, दारावर चौकीदार असतो आणि मैदानात दहा-वीस मुले तरी आलेली असतात. केजीचे तसे नसते. ताई किंवा मावशी दारात येऊन मुलाचा हात धरेपर्यंत पालकाला तेथून हलता येत नाही, आणि अनेक बालवाड्यांचे दार वर्गाच्या जेमतेम दहा मिनिटे आधी उघडते. त्यामुळे तेथे लवकर पोहोचून काहीही साधत नाही. दोन्ही शाळांच्या मिळून अशा चार वेळा होतात. त्या कार्यालयात विचाराव्यात, आणि शक्य झाल्यास एकदा स्वतः फाटकापाशी उभे राहून पडताळून घ्याव्यात, कारण कार्यालयात सांगितलेली वेळ आणि चौकीदार प्रत्यक्षात पाळतो ती वेळ यांत बरेचदा फरक पडतो.

यानंतर एका फाटकापासून दुसऱ्या दारापर्यंत लागणारा वेळ मोजावा. तो मोजताना केवळ गाडी चालण्याची मिनिटे धरू नयेत. उतरणे, हेल्मेट काढणे, दप्तर अडकवणे, वॉटरबॅग राहिली म्हणून मागे वळणे आणि पुन्हा निघणे, या सगळ्याला प्रत्येक ठिकाणी पाच ते सात मिनिटे जातातच. समजा, थोरल्याचे फाटक 6.50 ला उघडते आणि 7.15 ला बंद होते, तर धाकटीचे दार 7.35 ते 7.45 या वेळेतच उघडे असते, आणि दोन शाळांमधला प्रवास बारा मिनिटांचा आहे. कागदावर एकच माणूस दोघांना पोहोचवू शकतो. तरीही रेल्वे फाटकापाशी एखादी मालगाडी आडवी आली की त्याचा सगळा भार धाकटीवर पडतो. माझे मत असे आहे की प्रवास आणि उतरण्याचढण्याचा वेळ वजा करून हाताशी पंधरा मिनिटेही उरत नसतील, तर दोन्ही मुले एका माणसाकडे देऊ नयेत. त्या घरात दुसरे वाहन किंवा दुसरा माणूस लागतोच, आणि हे जूनमध्ये ओळखले तर वर्षभराची ओढाताण टळते.

वेळा दरवर्षी नव्याने विचाराव्या लागतात. राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने 8 फेब्रुवारी 2024 रोजी परिपत्रक काढून पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी 9 किंवा त्यानंतर भरवावेत, असे कळवले. मुलांची झोप पुरी होत नाही, हे त्यामागचे कारण होते. मात्र एकाच इमारतीत दोन पाळ्या चालवणाऱ्या शाळांना हे जमवणे अवघड जाते आणि वेळा शाळेगणिक वेगळ्याच आढळतात. शिवाय चौथीतून पाचवीत गेलेल्या मुलाची पाळी अनेक शाळांत बदलते, म्हणजे गेल्या वर्षी नीट बसलेली घडी यंदा आपोआप मोडते. शाळांची मंडळे वेगळी असतील तर गुंता आणखी वाढतो: सीबीएसईच्या शाळांचे नवे वर्ष एप्रिलमध्येच सुरू होते, तर राज्य मंडळाच्या शाळा विदर्भात उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटाकडे उघडतात, 2025 मध्ये इतरत्र 16 जूनला आणि आपल्याकडे 23 जूनला त्या उघडल्या. तेव्हा दोन्ही शाळांच्या सुट्ट्यांच्या याद्या मिळाल्या की त्या एकाच कॅलेंडरवर दोन रंगांत उतरवून घ्याव्यात आणि ज्या दिवशी एकच रंग दिसतो त्या दिवसांची सोय आधीच ठरवावी.

कोणाला कशाने पाठवावे

बहुतेक घरांत ओढ उलटी असते. धाकट्याची बालवाडी जवळ आहे, तेव्हा त्याला ऑटोने पाठवू आणि थोरल्याची शाळा लांब आहे म्हणून त्याला आपण सोडू, असा विचार होतो. मला तो पटत नाही. व्हॅनमध्ये किंवा बसमध्ये बसण्यासाठी जे लागते, म्हणजे स्वतःचे नाव, आईबाबांचा फोन नंबर आणि घराचा पत्ता सांगता येणे, लघवी लागली तर बोलणे, कोणी ढकलले तर घरी येऊन सांगणे, ते सात-आठ वर्षांच्या मुलाला येते आणि साडेतीन वर्षांच्या मुलाला येत नाही. त्यामुळे भाड्याचे वाहन थोरल्याला द्यावे, धाकट्याला घरच्या माणसाने हाताला धरून न्यावे, मग भले थोरल्याचे अंतर दहा किलोमीटर असो आणि धाकट्याचे चार गल्ल्या असोत. अपवाद एकच धरावा: थोरल्याची शाळा पालकाच्या नोकरीच्या वाटेवरच असेल आणि धाकट्याला सोडायला आजी-आजोबा घरात असतील, तर उलट केले तरी चालते.

दोघेही एकाच शाळेत आणि एकाच व्हॅनमध्ये असतील तेव्हा सोय मोठी होते, पण तेथे एक सवय टाळावी. ‘ताईचा हात सोडू नकोस’ असे धाकट्याला सांगणे ठीक आहे. ‘याला वर्गापर्यंत सोडून मगच तुझ्या वर्गात जा’ असे दुसरीतल्या मुलीला सांगणे ठीक नाही. तिची प्रार्थना चुकते, ती रोज घाबरीघुबरी होते, आणि एखाद्या दिवशी ती आजारी पडली की धाकट्याची सगळी व्यवस्थाच नाहीशी होते. व्हॅनमधून उतरल्यावर केजीच्या मुलांना दारापर्यंत कोण नेते, हे व्हॅनकाकांना आणि शाळेतल्या मावशींना समोरासमोर विचारून घ्यावे.

व्हॅन, बस किंवा ऑटो ठरवताना

शाळेची स्वतःची बस असेल आणि ती परवडत असेल, तर निर्णय सोपा आहे. महाराष्ट्रात शाळेच्या बससाठी 2011 पासून वेगळे नियम आहेत. त्यांनुसार प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असावी लागते, तीत पालक-शिक्षक संघाचा प्रतिनिधी असतो, आणि प्रथमोपचार पेटी, अग्निशमन यंत्र, आपत्कालीन दार, महिला मदतनीस यांची जबाबदारी ठरवून दिलेली आहे. तक्रार घेऊन जायचे ते ठिकाण म्हणजे ही समिती. आपल्या शाळेत ती आहे का आणि तिच्यावर पालकांच्या वतीने कोण आहे, हे पहिल्याच सभेत विचारावे.

खासगी व्हॅन ठरवताना मात्र सगळी चौकशी स्वतः करावी लागते. सर्वांत आधी गाडीची पाटी पाहावी. भाड्याने प्रवासी नेणाऱ्या गाडीची पाटी पिवळी आणि अक्षरे काळी असतात. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी पैसे घेऊन मुलांची ने-आण करू शकत नाही, आणि अपघात झाल्यास विम्याचा दावा याच मुद्द्यावर अडकतो. गाडी एमएच 31 ची असो, एमएच 49 ची असो की ग्रामीणची एमएच 40, तिचा क्रमांक एम-परिवहन अॅपवर टाकला की योग्यता प्रमाणपत्र आणि विमा कधीपर्यंत आहे ते दिसते. हे पाहण्यात व्हॅनकाकांचा अपमान नाही. चांगला चालक स्वतःहून कागद दाखवतो.

पाटीनंतर गाडीच्या आत डोकवावे. ते रिकाम्या गाडीत न करता सकाळी ती भरलेली असताना करावे. किती मुले बसली आहेत, चालकाशेजारी किती आहेत, दप्तरे कुठे ठेवली आहेत, आणि गॅसवर चालणारी व्हॅन असेल तर मागच्या सिलिंडरवर फळी टाकून कोणाला बसवले आहे का, हे दोन मिनिटांत कळते. फळी दिसली तर त्या गाडीचा विचार सोडून द्यावा. ऑटोचा परवाना तीन प्रवाशांचा असतो. चालकाच्या दोन्ही बाजूंना मुले आणि बाहेरच्या बाजूला लटकवलेली दप्तरे हे दृश्य आपल्याला इतके सवयीचे झाले आहे की ते दिसेनासे झाले आहे. धाकट्यासाठी ऑटो लावणे भागच असेल, तर चार घरांनी मिळून मोजक्या मुलांचा ऑटो ठरवावा आणि भाडे वाटून घ्यावे. ते महाग पडते, हे खरे आहे.

मग फेरीचा क्रम विचारावा, कारण भाव पाडण्याच्या नादात हाच मुद्दा राहून जातो. बेसा, हुडकेश्वर किंवा दिघोरीकडून सिव्हिल लाइन्सकडे येणारी व्हॅन सर्वांत दूरचे मूल आधी उचलते. त्या मुलाला पावणेसहाला उठावे लागते आणि गाडीत पाऊण तास बसावे लागते. आपले घर फेरीच्या सुरुवातीला असेल, तर दुपारी तरी आपल्या मुलाला आधी उतरवावे अशी मागणी रास्त आहे आणि पुष्कळ चालक ती मान्य करतात. दोन मुलांच्या घराला या क्रमाचे महत्त्व दुहेरी आहे: थोरल्याची व्हॅन 6.20 ला येते की 6.45 ला, यावर धाकट्याच्या झोपेची आणि मागे घरात कोण थांबणार याची सारी मांडणी अवलंबून असते.

गाडी थांबण्याची जागा रस्त्याच्या आपल्याच बाजूला असावी. ले-आउटच्या आत वळायला व्हॅनवाले नाखूश असतात, आणि त्यांच्या वेळेचा विचार केला तर ते समजण्यासारखे आहे. परंतु त्यासाठी मुलाला रिंग रोड ओलांडावा लागत असेल, तर हट्ट धरावा. तेथे किती वेळ थांबणार, हॉर्न वाजवणार की फोन करणार, हेही बोलून घ्यावे. सकाळी साडेसहाला वाजलेला हॉर्न धाकट्याला उठवतो आणि शेजाऱ्यांनाही, म्हणून आपणच पाच मिनिटे आधी खाली उतरलेले बरे. ज्या घरात मोठे माणूस एकच आहे, तेथे थोरल्याला चौकापर्यंत सोडण्यासाठी धाकट्याला झोपेतून उचलून नेण्याऐवजी गाडी फाटकाशी यावी यासाठी थोडे अधिक पैसे मोजावेत. महिन्याच्या खर्चात इतका उपयोगी पडणारा दुसरा खर्च मला सुचत नाही.

पैशांचे बोलणे सुरुवातीलाच स्पष्ट व्हावे. भाडे दहा महिन्यांचे की बारा, उन्हाळ्याच्या सुट्टीचे अर्धे की पूर्ण, महिन्याच्या मध्येच सोडले तर काय, चालक आजारी पडला किंवा लग्नसराईत गावी गेला तर गाडी कोण चालवणार आणि त्याचा फोन नंबर काय, हे सर्व एका व्हॉट्सअॅप संदेशात लिहून त्यांचा होकार घ्यावा. तोंडी ठरलेल्या गोष्टी मेमध्ये दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या आठवतात.

दुचाकीवर दोघे बसत नाहीत

नागपुरातील बहुतेक घरांची सकाळ स्कूटीवर चालते, म्हणून याविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 128 नुसार दुचाकीवर चालकाखेरीज एकच व्यक्ती बसू शकते, आणि तीही मागच्या आसनावर. मूल लहान आहे म्हणून सूट, असे कायद्यात कोठेही नाही. केरळ सरकारने 2023 मध्ये लहान मुलांपुरती अशी सूट केंद्राकडे मागितली होती. ती मिळाली नाही. कलम 194-क प्रमाणे याला 1,000 रुपये दंड आणि तीन महिने परवाना निलंबन अशी तरतूद आहे. चौकातले पोलीस आई आणि दोन मुले पाहून सहसा गाडी अडवत नाहीत, हा वेगळा भाग. पण त्यांच्या दुर्लक्षावर रोजची व्यवस्था उभारता येत नाही.

चार वर्षांवरील प्रत्येक मुलाला हेल्मेट सक्तीचे आहे. नऊ महिने ते चार वर्षे या वयासाठी केंद्र सरकारने 15 फेब्रुवारी 2022 रोजी वेगळा नियम अधिसूचित केला आणि तो वर्षभराने लागू झाला: मुलाला चालकाशी बांधून ठेवणारा सुरक्षा पट्टा, डोक्याला बसेल असे हेल्मेट, आणि गाडीचा वेग ताशी 40 किलोमीटरपेक्षा जास्त नको. हा पट्टा खांद्यावरून घालायच्या जाकिटासारखा असतो आणि सकाळच्या गाडीवर डुलक्या घेणाऱ्या केजीच्या मुलासाठी तो फार उपयोगी आहे, कारण झोपेत मुलाची पकड सुटते हे पुढे पाहणाऱ्या चालकाला कळत नाही. स्कूटीच्या पुढच्या फळीवर मूल उभे करण्याची पद्धत सोडून द्यावी. जोरात ब्रेक लागला की मुलाचे तोंड थेट हँडलवर आदळते, आणि त्याच्या हाती अॅक्सिलरेटर फिरवला जाण्याचा धोका राहतो तो वेगळाच. हेल्मेट विकत घेताना आयएसआय खूण पाहावी, आणि मोठ्या भावाचे लहान झालेले हेल्मेट धाकट्याला देण्याआधी त्याची आतली गादी दबली आहे का ते तपासावे.

या शहराच्या रस्त्यांची एक खोड दुचाकीवाल्यांनी लक्षात ठेवावी. सिमेंटचे नवे रस्ते बाजूच्या पेव्हर ब्लॉकपेक्षा किंवा कच्च्या पट्ट्यापेक्षा उंच झाले आहेत, आणि मुलाला उतरवण्यासाठी गाडी कडेला घेताना चाक त्या कडेवरून घसरते. मागे मूल आणि पुढे दप्तर असताना तोल सावरणे कठीण असते. शाळेपुढे नेहमीची थांबण्याची जागा एकदा पायी पाहून ठरवावी आणि रोज तेथेच थांबावे.

तर स्कूटीवर एक मूल जाते, हे एकदा मान्य केले की दुसऱ्याचे काय करायचे याचा विचार नीट सुरू होतो. धाकट्याची बालवाडी एक किलोमीटरच्या आत असेल तर पायी जावे. पंधरा-वीस मिनिटे लागतात आणि मूल वर्गात पूर्ण जागे होऊन पोहोचते. आई आणि बाबा दोघांकडे गाडी असेल तर एकेकाने एकेक मूल घ्यावे, पण कोण कोणाला नेणार हे आठवड्यासाठी ठरलेले असावे, रोज चहाच्या वेळी ठरवू नये. यांपैकी काहीच शक्य नसेल, तेथे थोरल्याला व्हॅन लावण्याला पर्याय नाही.

चारचाकी आणि मेट्रो

मोटारीत दोघे मागे बसतील, पट्टे लावतील, एवढे पुरे. चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा बालआसन नसेल तर चालकाला 1,000 रुपये दंड आहे. मोटारीची खरी अडचण उतरण्याची आहे. एका मुलाला दारापर्यंत सोडताना दुसऱ्याला बंद गाडीत ठेवू नये, पाच मिनिटांसाठीही नाही. मार्च-एप्रिलमध्ये सकाळी आठलाही उन्हातली बंद मोटार झपाट्याने तापते, आणि किल्ली आत राहून दारे लागण्याचे प्रकार घडतात. ज्या दारात आपल्याला उतरावे लागते, तेथे दोघांनाही उतरवावे. थोरला मात्र फाटकापाशी स्वतः उतरू शकतो. शाळेच्या तोंडाशी मोटार नेण्यापेक्षा दीड-दोनशे मीटर अलीकडे लावून चालत जाणे बहुतेक दिवशी लवकर होते.

मेट्रोचा विचार शाळेसाठी फारसा होत नाही. पहिल्या टप्प्याच्या दोन्ही मार्गिका 11 डिसेंबर 2022 पासून पूर्ण लांबीने सुरू आहेत: खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक आणि लोकमान्य नगर ते प्रजापती नगर, आणि सीताबर्डीला गाडी बदलता येते. घर आणि शाळा दोन्ही स्थानकांपासून चालण्याच्या अंतरावर असतील, उदाहरणार्थ जयप्रकाश नगर ते कस्तुरचंद पार्क किंवा सुभाष नगर ते शंकर नगर, तर थोरल्याला आजोबांबरोबर नेण्यासाठी ही चांगली सोय आहे. विशेषतः ज्या आजोबांनी सकाळच्या अंधारात गाडी चालवणे बंद केले आहे त्यांच्यासाठी.

आदल्या रात्री

याविषयी सर्वांना सर्व ठाऊक असते, त्यामुळे दोनच गोष्टी सांगतो. दोघांची दप्तरे, डबे आणि बुटांचे जोड एकाच जागी न ठेवता दोन वेगळ्या जागी ठेवावेत, म्हणजे घाईत धाकट्याची वॉटरबॅग थोरल्याबरोबर जात नाही. आणि आधी जाणाऱ्या मुलालाच आधी उठवावे. दोघांना एकदम उठवले की न्हाणीघर, आरसा आणि आई या तिन्हींसाठी भांडण होते, तर अर्ध्या तासाच्या अंतराने उठवले की थोरला शांतपणे तयार होऊन निघून जातो.

ऋतू आणि शहराचे खास दिवस

डिसेंबर-जानेवारीत नागपुरात सूर्य पावणेसातच्या सुमारास किंवा त्यानंतर उगवतो, म्हणजे साडेसहाची व्हॅन अंधारातच येते. दप्तरावर आणि जर्किनवर चमकणारी पट्टी चिकटवावी. 29 डिसेंबर 2018 ला येथे पारा 3.5 अंशांवर उतरला होता. इतकी थंडी रोज नसली तरी दुचाकीवर वारा लागतो तेव्हा ती अधिक बोचते. हेल्मेटखाली जाड लोकरीची टोपी घातली की हेल्मेट सैल बसते, त्यामुळे पातळ कानपट्टी आणि गळ्याला मफलर हे ठीक, मात्र मफलरची टोके स्वेटरच्या आत खोचलेली असावीत.

पावसाळ्यात रस्त्यांचे दोन नकाशे हवेत. नरेंद्र नगरचा आणि मनीष नगरचा रेल्वेखालचा रस्ता, तसेच सीताबर्डीजवळचा लोहापूल, येथे जोराचा पाऊस झाला की पाणी साचते. या वाटांनी रोज जाणाऱ्याने उड्डाणपुलावरून किंवा वळसा घालून जाणारी दुसरी वाट कोरड्या दिवशी मिनिटे मोजून पाहिलेली असावी. 23 सप्टेंबर 2023 ला मध्यरात्रीनंतरच्या मुसळधार पावसाने अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचे पाणी वस्त्यांत शिरले, तेव्हा शाळांना सुट्टी द्यावी लागली. अशा रात्रींनंतर सुट्टीची सूचना कधी कधी पहाटेच येते. रात्रभर पाऊस कोसळत असेल तर मुलांना उठवण्याआधी दोन्ही वर्गांचे गट पाहावेत, आणि एकाच शाळेने सुट्टी दिली असली तरी दुसऱ्या मुलाला त्या पावसात पाठवायचे का, हे आपले आपण ठरवावे. मुलांचा एक दिवस बुडाल्याने काही बिघडत नाही.

मार्चपासून अनेक शाळा सकाळच्या सत्रात भरतात. सकाळी जाताना ते सुखाचेच असते; प्रश्न परतीचा असतो, आणि भर दुपारी उन्हात उभ्या राहिलेल्या व्हॅनमध्ये मुले किती वेळ बसतात हे एकदा स्वतः जाऊन पाहावे. दुसरी भरलेली बाटली आणि डोक्याला बांधायला सुती दुपट्टा सकाळीच दप्तरात गेला पाहिजे.

डिसेंबरातील विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाच्या काळात सिव्हिल लाइन्स, झिरो माइल, टेकडी रोड आणि व्हेरायटी चौक या भागांत अडथळे उभे राहतात आणि वाहतूक वळवली जाते. मोर्चे दुपारी निघतात, त्यामुळे सकाळी सातच्या शाळेला सहसा त्रास होत नाही, पण नऊच्या शाळेची वाट अडते आणि परतीची तर अडतेच. वाहतूक पोलीस वळवलेले मार्ग जाहीर करतात. ते व्हॅनकाकांना आपण पाठवावेत, त्यांनी पाहिले असतील असे धरून चालू नये. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीमुळे इतवारी आणि महाल भागातले रस्ते बंद असतात, आणि त्या दिवशी एका मुलाला सुट्टी आणि दुसऱ्याची शाळा सुरू, असे घडू शकते.

बदली माणूस

वर सांगितलेल्या कोणत्याही मांडणीत एक माणूस किंवा एक गाडी कमी पडली तर काय, याचे उत्तर आधी हवे. सर्वांत चांगला आधार म्हणजे त्याच शाळेत जाणाऱ्या मुलांचे शेजारचे घर. या देवाणघेवाणीत हिशेब सरळ ठेवावा: सोमवार-मंगळवार त्यांनी थोरल्यांना न्यावे, बुधवार-गुरुवार आपण, आणि शुक्रवारी ज्याचा त्याने विचार करावा. मोटार असेल तरच हे करावे, दुचाकीवर दुसऱ्याचे मूल घेऊ नये. शेजारच्या काकू रोज सकाळी वीस मिनिटे धाकट्यापाशी बसतात, तर त्यांना ‘तुम्ही घरच्याच आहात’ असे म्हणून विषय संपवू नये. त्यांना काय सोयीचे आहे ते विचारावे, आणि त्या पैसे घेत नसतील तर त्यांची बँकेची, दवाखान्याची, बाजाराची कामे आपल्या वाट्याला घ्यावीत.

आजी-आजोबांच्या बाबतीत आपण बरेचदा अंदाजाने वागतो. धाकट्याला दारापर्यंत सोडणे त्यांना आनंदाचे वाटते. रोज पहाटे साडेपाचला उठून चौकात उभे राहणे वाटतेच असे नाही, आणि ते स्वतःहून बोलत नाहीत. जे काम त्यांच्याकडे द्यायचे ते आठवड्यातून किती दिवस, हे त्यांच्याशी बसून ठरवावे.

बदली माणसाचे नाव, फोटो आणि फोन नंबर दोन्ही शाळांच्या कार्यालयात दिलेले असावेत. अनेक शाळा पालक ओळखपत्राशिवाय केजीचे मूल कोणाच्या हाती देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. दुपारी मूल घ्यायला जाणारा आणि सकाळी सोडणारा वेगळा असेल, तर ओळखपत्राची दुसरी प्रत आधीच मागून घ्यावी. थोरल्याला 112 आणि मुलांसाठीचा 1098 हे दोन्ही क्रमांक पाठ असावेत.

सर्वांत जास्त वेळा येणारा प्रसंग मात्र साधा असतो: एकाला ताप आहे आणि दुसऱ्याला शाळेत जायचे आहे. धाकटी आजारी असेल तर थोरल्याची व्हॅन नेहमीप्रमाणे येते आणि फारसे अडत नाही. थोरला आजारी असेल तर धाकटीला नेण्यासाठी त्याला अंथरुणातून उठवून स्कूटीवर किंवा मोटारीत बसवले जाते, आणि ते टाळायचे असेल तर शेजारच्या काकूंना आदल्या रात्रीच विचारून ठेवावे लागते. व्हॅनकाकांनाही रात्री नऊच्या आत कळवावे; आपले मूल येणार नाही हे त्यांना आधी कळले की त्यांची फेरी लहान होते, पुढच्या घरांना वाट पाहावी लागत नाही, आणि आपल्याला कधी पाच मिनिटे उशीर झाला तर तेही थांबतात.